उसन्या आवाजातील व्याख्याने

ज्याला स्वतःच्या तोंडाने बोलता येत नाही अशा माणसाने मजकूर लिहावा, तो यंत्राने मोठ्याने वाचावा आणि सभेने ते त्या माणसाचेच व्याख्यान म्हणून ऐकावे, ही पद्धत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जगाच्या परिचयाची झाली. तिच्यामागचे तंत्र मात्र दोनशे वर्षांहून जुने आहे, आणि त्याच्या बहुतेक टप्प्यांवर वाचा नसलेल्या माणसांचा विचार कोणी केलेला नव्हता. बोलणारे यंत्र आधी कुतूहलापोटी व करमणुकीसाठी, मग टेलिफोनच्या धंद्यासाठी आणि पुढे अंधांना पुस्तके वाचून दाखवण्यासाठी घडले. ज्यांना त्याची सर्वांत जास्त निकड होती, त्यांनी ते दुसऱ्यांच्या कामातून उसने घेतले, आपल्या गरजेप्रमाणे वळवले आणि व्यासपीठावर नेले.

या परंपरेच्या आरंभी वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांचे नाव येते. प्रेसबर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, येथे जन्मलेला हा ऑस्ट्रियाच्या दरबारचा अधिकारी. त्याने सुमारे वीस वर्षे खपून एक बोलणारे यंत्र बनवले आणि त्याची रचना 1791 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. यंत्रात फुप्फुसांच्या जागी भाता होता, स्वरतंतूंच्या जागी पेटीतल्या सुरासारखी थरथरणारी पत्ती होती, आणि तोंडाच्या जागी रबरी नरसाळे. चालवणारा एका हाताने भाता दाबी आणि दुसऱ्या हाताचा तळवा नरसाळ्यापुढे कमीजास्त झाकून स्वर बदली. मानवी वाणी म्हणजे हवेचा झोत, कंप आणि पोकळीचा आकार यांचा खेळ आहे, हे केम्पेलेनने प्रत्यक्ष करून दाखवले. पुढची सारी यंत्रे याच समजुतीवर उभी आहेत.

या यंत्राची सुधारलेली आवृत्ती चार्ल्स व्हीटस्टन यांनी इंग्लंडमध्ये बनवली, आणि ती पाहून तरुण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी भावाच्या मदतीने स्वतःचे एक बोलणारे डोके तयार केले. बेल यांचे वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक होते, आई बहिरी होती, आणि स्वतः बेल बहिऱ्या मुलांना शिकवत. त्यांच्या हातून पुढे टेलिफोन झाला. टेलिफोनमधून जी मोठी कंपनी उभी राहिली, तिच्या बेल प्रयोगशाळेत विसाव्या शतकातले वाणीविषयक बरेचसे मूलभूत संशोधन झाले. तिथल्या होमर डडली यांना एका तारेवरून जास्त संभाषणे पाठवायची होती. त्यासाठी आवाजाचे पृथक्करण करून तो पुन्हा जोडता येतो का, हे ते पाहत होते. त्यातूनच 'व्होडर' हे यंत्र निघाले आणि 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आले. बोटांखाली दहा पट्ट्या, मनगटाखाली गुंजन आणि फूत्कार यांत निवड करणारी दांडी, पायाखाली आवाजाची उंची बदलणारे पेडल, असा तो थाट होता. ते सफाईने चालवायला टेलिफोन ऑपरेटर मुलींना वर्षभर शिकावे लागे. व्होडर मजकूर वाचत नव्हता. तो एखाद्या वाद्यासारखा वाजवावा लागे, म्हणून ज्याचे हात चांगले चालत नाहीत त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

संगणक आल्यावर हे काम माणसाच्या बोटांकडून आज्ञावलीकडे गेले. 1961 मध्ये बेल प्रयोगशाळेत आयबीएमच्या संगणकाकडून एक गाणे गाऊन घेण्यात आले. खरी अडचण पुढे होती. छापील अक्षरांवरून उच्चार ठरवणे, वाक्यात जोर कुठे द्यायचा ते ठरवणे, आकडे आणि संक्षेप शब्दांत उलगडणे ही सर्व कामे नियमांत बसवायची होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोनाथन ॲलन, शेरी हनिकट आणि डेनिस क्लॅट यांनी 1970 च्या दशकात यावर काम केले आणि 1979 मध्ये 'एमआयटॉक' ही पूर्ण प्रणाली उभी राहिली. कोणताही इंग्रजी मजकूर घालावा आणि तो कळेल असा वाचला जावा, ही मजल तिथे गाठली गेली.

क्लॅट यांचे नाव या इतिहासात वेगळे काढून सांगावे लागते. प्रणालीतला मुख्य पुरुषी आवाज त्यांनी स्वतःच्या आवाजाच्या मोजमापांवरून घडवला. 'डेकटॉक' या नावाने तो 1980 च्या दशकाच्या मध्यास बाजारात आला, तेव्हा त्याला 'परफेक्ट पॉल' म्हणत. त्याच सुमारास क्लॅट यांना गळ्याचा कर्करोग झाला होता आणि त्यांचा स्वतःचा आवाज घोगरा होत चालला होता. 1988 च्या अखेरीस ते वारले. त्यांच्या मापाचा आवाज पुढे तीस वर्षे जगभरच्या सभागृहांत घुमत राहिला, आणि बहुतेक श्रोत्यांना तो कोणापासून आला हे ठाऊकही नव्हते.

तो घुमला भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे. हॉकिंग यांना 1963 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मोटर न्यूरॉन डिसीज या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराचे निदान झाले. त्या काळात केंब्रिजमध्ये त्यांच्या जवळच्याच खोलीत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर काम करत असत. हॉइल आणि नारळीकर यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातील गणिते नारळीकरांकडूनच हॉकिंग यांना पाहायला मिळाली. 1964 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल यांनी तो सिद्धांत मांडला, तेव्हा काठीच्या आधाराने उभे राहून, स्वतःच्या तोंडाने, हॉकिंग यांनी त्यातल्या एका राशीवर आक्षेप घेतला. विज्ञानजगतात त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले ते या उभ्याउभ्या केलेल्या बोलण्याने. पुढच्या पंधरावीस वर्षांत ती वाचा मंदावत गेली. 1980 च्या सुमारास त्यांचे बोलणे फक्त निकटच्या लोकांनाच समजे. परिसंवादात हॉकिंग बोलत आणि शेजारी बसलेला विद्यार्थी तेच वाक्य स्पष्ट करून सांगे. व्याख्यान होई, पण दुसऱ्याच्या तोंडून.

1985 च्या उन्हाळ्यात जिनिव्हाला असताना त्यांना न्यूमोनिया झाला. जीव वाचवण्यासाठी श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागले आणि उरलासुरला आवाजही गेला. सुरुवातीला कोणीतरी अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवी आणि हवे ते अक्षर आले की हॉकिंग भुवई उंचावत. अशा रीतीने एक वाक्य करायला किती वेळ लागत असेल याचा अंदाज करणे कठीण नाही. एक शास्त्रीय लेख तर दूरच. कॅलिफोर्नियातील वॉल्ट वोल्टोझ यांनी आपल्या सासूबाईंसाठी 'इक्वलायझर' नावाची आज्ञावली केली होती, कारण त्यांनाही असाच आजार होता. पडद्यावर शब्दांच्या याद्या सरकत जात, आणि हातातली एकच कळ दाबून शब्द निवडता येई. वोल्टोझ यांनी ती हॉकिंग यांना दिली. केंब्रिजमधील अभियंते डेव्हिड मेसन यांनी छोटा संगणक आणि आवाजाचे यंत्र त्यांच्या चाकांच्या खुर्चीला बसवले. आवाजाचे यंत्र 'स्पीच प्लस' या कंपनीचे होते. टेलिफोनवरून मजकूर ऐकवण्यासाठी ते बनवले होते, आणि त्याच्या मुळाशी एमआयटीतील क्लॅट यांचेच काम होते. सासूबाईंसाठी लिहिलेली आज्ञावली आणि टेलिफोनसाठी बनवलेले यंत्र, या दोन उसन्या वस्तूंवर विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध व्याख्यात्याची पुढची कारकीर्द उभी राहिली.

या साधनाने हॉकिंग मिनिटाला सुमारे पंधरा शब्द जुळवू शकत. सामान्य माणूस बोलताना मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो. म्हणजे संभाषणात ते कायम मागे पडणार हे उघड होते. व्याख्यानाचे तसे नाही. व्याख्यान आधी लिहून ठेवता येते. हॉकिंग यांनी हा फरक लवकर ओळखला. व्याख्यान लिहून संगणकात साठवायचे, आवाजाच्या यंत्रावर ते स्वतः ऐकून पाहायचे, खटकेल तिथे दुरुस्त करायचे, आणि सभेत एकेक वाक्य यंत्राकडे सोडायचे, अशी त्यांची रीत ठरली. वाक्य सोडण्याची कळ त्यांच्याच हातात असे. श्रोते हसले तर थांबता येई, अवघड मुद्द्यानंतर क्षणभर शांतता ठेवता येई. ध्वनिमुद्रित फीत लावून देण्यात आणि असे व्याख्यान देण्यात हाच फरक आहे, आणि तो मोठा आहे. वक्तृत्वातली एक मूळ गोष्ट, म्हणजे पुढचे वाक्य केव्हा म्हणायचे हे ठरवणे, वक्त्याकडेच राहते.

जिनिव्हाच्या आजारपणाआधी ज्यांना हॉकिंग यांचे बोलणे कळत नव्हते त्यांना ते आता कळू लागले. 1988 मध्ये 'अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ टाइम' प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या जाहीर व्याख्यानांना गर्दी लोटू लागली. जानेवारी 2001 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या 'स्ट्रिंग्ज' परिषदेसाठी ते मुंबईला आले. त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस इथेच झाला, आणि मुंबईत व दिल्लीत त्यांनी जाहीर व्याख्याने दिली. विद्यार्थी त्या सपाट, अमेरिकी धाटणीच्या आवाजातले विश्वशास्त्र ऐकायला आले होते.

या पद्धतीचा कमकुवत भाग प्रश्नोत्तरांचा. तयार व्याख्यान संपले की वक्ता पुन्हा मिनिटाला पंधरा शब्दांवर येतो. एका उत्तराला पाच-दहा मिनिटे लागतात आणि तोवर सभागृह गप्प बसून राहते. या शांततेची श्रोत्यांना सवय नसते, अध्यक्षांना तर त्याहून नसते. त्यामुळे प्रश्न आधी मागवून घेणे आणि उत्तरे तयार ठेवणे ही प्रथा पडली. ती सोयीची आहे, पण तिच्यात काहीतरी हरवते हेही खरे. उलटतपासणीला तिथल्या तिथे तोंड देणे हा विद्वत्सभेचा प्राण आहे, आणि 1964 मध्ये हॉकिंग यांनी स्वतः तेच केले होते. यंत्राच्या आवाजात बोलणाऱ्याला ही संधी द्यायची तर सभेने थांबायला शिकावे लागते.

पुढे हॉकिंग यांच्या हातातली ताकदही गेली. गालाच्या एका स्नायूची हालचाल चष्म्यावर बसवलेला अवरक्त संवेदक टिपू लागला. 2011 च्या सुमारास वेग मिनिटाला एखाद्या शब्दापर्यंत घसरला होता. इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनी पुढचा शब्द सुचवणारी नवी आज्ञावली करून तो पुन्हा वाढवला आणि 2015 मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. आवाज मात्र हॉकिंग यांनी बदलू दिला नाही. अधिक नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले, ब्रिटिश धाटणीचेही झाले, पण जग आपल्याला याच आवाजाने ओळखते, म्हणून त्यांनी जुनाच ठेवला. जुनी यंत्रे झिजू लागली तेव्हा अभियंत्यांनी बरीच खटपट करून तोच आवाज एका छोट्या आधुनिक संगणकावर हुबेहूब उतरवला. हे काम पुरे होऊन काही आठवडे झाले होते, तोच 14 मार्च 2018 रोजी हॉकिंग यांचे निधन झाले.

हॉकिंग यांनी उसना आवाज आपला मानला. सगळ्यांना तसे मानता येत नाही. शिकागोचे चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांची वाचा 2006 मध्ये कर्करोगावरील शस्त्रक्रियांनंतर गेली. दूरचित्रवाणीमुळे त्यांचा मूळ आवाज अमेरिकेत घरोघरी माहीत होता, म्हणून त्याची उणीव अधिक जाणवे. एडिंबरा येथील 'सेरेप्रॉक' या कंपनीने ईबर्ट यांनी जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडींसाठी केलेली समालोचने गोळा केली, त्यांतले तुकडे वेगळे काढले आणि त्यांतून त्यांच्याच आवाजात मजकूर वाचणारी प्रणाली बनवली. 2010 मध्ये ती लोकांना ऐकवली गेली. पुढच्या वर्षी 'टेड' परिषदेतील व्याख्यानात मात्र त्यांनी मुख्यतः संगणकासोबत येणारा 'ॲलेक्स' हा आवाज वापरला, आणि काही भाग पत्नी चॅझ व मित्रांनी वाचला, कारण लांब भाषणात एकसुरी यंत्रवाणी श्रोत्यांना पेंग आणते. त्या व्याख्यानात त्यांनी एक कसोटी सुचवली. यंत्राचा आवाज विनोद सांगून, वेळ साधून, माणसांना हसवू शकला तर तो आवाज उत्तीर्ण.

ही कसोटी ज्याने खऱ्या अर्थाने पार केली तो इंग्लंडच्या ईशान्य भागातला विनोदवीर ली रिडली. लहानपणीच्या आजारामुळे सेरेब्रल पाल्सी झालेले रिडली कधीच बोलू शकले नाहीत. 'लॉस्ट व्हॉइस गाय' या नावाने ते टॅब्लेट घेऊन रंगमंचावर उभे राहतात. 2014 मध्ये त्यांना बीबीसीचा नवोदित विनोदवीरांचा पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' ही स्पर्धा त्यांनी जिंकली. आवाजात चढउतार नसताना हशा येतो तो लेखनाच्या नेमकेपणातून आणि कळ दाबण्याच्या क्षणातून. यंत्राला विनोद कळावा लागला नाही. तो माणसाला कळत होता, एवढे पुरले.

अशा वक्त्यांनी लिहिण्याची एक खास शिस्त घडवली आहे. वाक्ये छोटी ठेवावी लागतात, कारण यंत्र लांब वाक्याचा तोल सांभाळत नाही. दम घेण्याच्या जागा दाखवायला व्याकरणाला नको असलेले स्वल्पविराम घालावे लागतात. विशेषनामांचा उच्चार बरोबर यावा म्हणून ती मुद्दाम चुकीच्या वर्णलेखनात लिहावी लागतात. विराम, वेग आणि जोर यांच्या खुणांचे एक प्रमाण 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मंजूर झाले, पण प्रत्यक्षात बहुतेकजण कानाने ऐकून, खोडून, पुन्हा ऐकून भाषण बसवतात. या वक्त्यांसाठी आकाराने लहान, हातात धरून टंकलेखन करता येणारी यंत्रेही होती. त्यांतले 'लाइटरायटर' टोबी चर्चिल यांनी इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकात बनवले. ते स्वतः आजारपणात वाचा गमावून बसले होते. गरज असलेल्यानेच साधन बनवल्याचे हे या इतिहासातले दुर्मीळ उदाहरण.

यंत्राचा आवाज विधिमंडळांत पोचायला सर्वांत उशीर लागला. कॅनडाचे खासदार मोरील बेलांजे यांना 2015 मध्ये मोटर न्यूरॉन डिसीजचे निदान झाले. मार्च 2016 मध्ये त्यांना सभागृहाचे मानद अध्यक्ष करण्यात आले, तेव्हा त्यांचे शब्द टॅब्लेटने उच्चारले. राष्ट्रगीतातील एक ओळ स्त्रीपुरुष दोघांना सामावणारी करण्याचे विधेयक त्यांनी याच आवाजात रेटले. ऑगस्टमध्ये ते वारले आणि 2018 मध्ये विधेयकाचा कायदा झाला. जपानमध्ये 2019 साली यासुहिको फुनागो वरिष्ठ सभागृहात निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी समितीत संगणकाच्या आवाजाने प्रश्न विचारले. अमेरिकेत जेनिफर वेक्स्टन यांना मेंदूच्या एका दुर्धर विकाराने बोलणे फार कठीण झाले. जुलै 2024 मध्ये त्यांनी प्रतिनिधिगृहात भाषण केले ते त्यांच्याच जुन्या भाषणांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या आवाजात. यंत्राच्या तोंडून आलेले शब्द सदस्याचेच मानायचे, हे या तीन सभागृहांनी मान्य केले, आणि ते योग्यच झाले.

वेक्स्टन यांच्यापर्यंत पोचेतो तंत्र पार बदलले होते. ईबर्ट यांच्यासाठी तासन्‌तास ध्वनिमुद्रण लागले. 2016 नंतर आलेल्या, नमुन्यांवरून आवाज शिकणाऱ्या न्यूरल पद्धतीने ही गरज झपाट्याने घटवली. 2023 मध्ये ॲपलने फोनवरच सुमारे पंधरा मिनिटांच्या वाचनातून स्वतःचा आवाज साठवण्याची सोय दिली, सुरुवातीला फक्त इंग्रजीसाठी.

भारतात या साऱ्याचे बीज शाळांत पडले. मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली, ती सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी मालिनी हिला शाळा मिळेना म्हणून. मालिनी चिब पुढे एका बोटाने टंकलेखन करून दोन पदव्युत्तर पदव्या घेत्या झाल्या आणि बोलण्यासाठी लाइटरायटर वापरू लागल्या. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी 'आवाज' हे भारतीय बनावटीचे साधन केले, आणि आयआयटी मुंबईत चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे 'जेलो' तयार झाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा विकाराला दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत स्थान दिले.

मराठीत मजकूर वाचणाऱ्या प्रणाली आता आहेत. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांसाठी केलेल्या कामात मराठीही आहे, 'ईस्पीक' या मुक्त प्रणालीत आहे, फोनमध्येही आहे. मराठीच्या स्वतःच्या अडचणी मात्र टिकून आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, पण लिपीत तो एकच. शब्दाच्या शेवटचा आणि मधला अकार कुठे गळतो हे लिपी सांगत नाही. एक ते शंभरपर्यंतचे आकडे जवळपास एकेक पाठ करावे लागतात, आणि भाषणात मध्येच इंग्रजी शब्द आला की यंत्र अडखळते. बातमी ऐकताना या चुका खपून जातात. भाषण देणाऱ्याच्या नावावर त्या जमा होतात, आणि श्रोते त्या वक्त्याच्याच समजतात.

गळ्याच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावे लागणार हे बहुधा शस्त्रक्रियेआधी माहीत असते, आणि मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये वाचा क्रमाक्रमाने जाते. अशा रुग्णांना मध्ये काही आठवडे किंवा महिने मिळतात. ईबर्ट यांचा आवाज परत घडला तो दुसऱ्याच कामासाठी झालेली ध्वनिमुद्रणे शिल्लक होती म्हणून. मराठी बोलणाऱ्या रुग्णांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी निदान होताच साध्या फोनवर का होईना, शांत खोलीत, रोज थोडे मराठी वाचन ध्वनिमुद्रित करून जपून ठेवावे.